दोरीचा भत्ता

आदेश आला : जुन्या अभिलेखांची निंदणी करा.
निंदणी म्हणतात, म्हणजे आपण गवतच काढतोय असं वाटावं.
मे महिना. वाळ्याच्या ताटीला पाणी नाही,
रेकॉर्ड रूमच्या कूलरमधून नुसती महाराजबागेकडची धूळ येते.

पहिली वही एकोणीसशे तेराची, जानेवारी वाळवीनं खाल्लेला.
काचेच्या बरण्या, चोवीस. बैलांची सरकी.
गोऱ्या साहेबाच्या छत्रीची दुरुस्ती, तीही मृदा संशोधनात.
लढाईच्या वर्षी थर्मामीटर निम्मे;
बैल तेवढेच.
सत्तेचाळीसच्या ऑगस्टात कुणा कारकुनानं
मुकुटाच्या शिक्क्यावर एक आडवी रेघ मारली
आणि खाली तीच बेरीज पुढे ओढली.
साठीनंतर परकीय चलनाचे अर्ज :
एक सेंट्रिफ्यूज, तीन वर्षं, एकतीस पत्रं.
खोकं उघडलं तेव्हा मागवणारा पेन्शनीत गेला होता.

आणि या सगळ्यात, दर महिन्याच्या तळाशी, मुंगीएवढी नोंद :
मागल्या विहिरीत दोरी सोडणाऱ्यास, आणे आठ.
मग रुपये दोन. मग अकरा.
सोनबा नेवारे, त्याच्यामागे त्याचा जावई,
दर गुरुवारी गाठी मारलेली दोरी,
ओली किती, कोरडी किती.
प्रकल्प चौतीसलाच बंद पडलेला.
भत्ता बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

माझ्या आलं.
चौऱ्याण्णव, मार्चअखेर, नवी नोकरी, लाल शाई.
"उद्दिष्ट नमूद नाही. खर्च अमान्य."
जावई म्हणाला, "काहून जी मॅडम? पाणी तं हाये अजून."
मी म्हटलं, लेखी द्या.
त्याला लिहिता यायचे फक्त आकडे.

आज वरच्या मजल्यावरची प्रांजली उईके खाली आली,
भूजलाचा आलेख घेऊन. तिचा निधी पोर्टलवर अडकलाय :
उपयोगिता प्रमाणपत्र जोडा, जोडलेलं पुन्हा जोडा.
इतकी लांब रेघ मला कुठंच मिळाली नाही, म्हणाली,
आणि चौऱ्याण्णवपाशी बोट ठेवलं.
"मॅडम, इथून पुढं विहिरीत काय झालं?"

पाणी होतं, पोरी.
बघायला मंजुरी नव्हती.

ती हसली. तिला विनोद वाटला.
ती गेल्यावर मी यादीतून एक वही कमी केली.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना,
मग जुन्याच अक्षरात लिहिलं :
उद्दिष्ट नमूद नाही. ठेवावी.