दिवसाला चार मिनिटं

डेस्मंड लोबोच्या भाच्यानं ती जळगावला नेली तेव्हा
सराफानं कसोटीवर एक रेघ ओढली,
अठराचं आहे म्हणाला, झाकणं तेवढी घेतो,
आतलं मशीन तुम्हालाच ठेवा.

नाशिकचे एक संग्राहक तिथंच बसले होते,
बायकोच्या पाटल्या बदलायला आलेले.
त्यांनी मशीनसकट घेतली. सोन्याच्या पाचपट भावानं.
घाटा कोणाचा झाला, अजून ठरलेलं नाही.

आता ती माझ्या टेबलावर, भुसावळात,
वैशाखात, सत्तेचाळीस डिग्रीत,
जेव्हा घड्याळातलं तेलसुद्धा पाण्यासारखं पळतं.
संग्राहक पांढरे हातमोजे घालून समोर.
रेस जिंकलेल्या माणसाची घडी आहे, म्हणाले,
सेकंदाला पक्की हवी.

खरंय. मद्रासकडच्या एका जुन्या धावपट्टीवर
डेस्मंड पहिला आला होता,
गाडी दुसऱ्याची, एका गिरणीवाल्याची.
त्यानं गाडी परत घेतली आणि ही घडी दिली.
झाकणावर नाव कोरलंय, त्यात एक अक्षर चुकलंय.

मी मागचं झाकण उघडलं. भिंग डोळ्याला.
आमच्या धंद्यात जो दुरुस्त करतो
तो आत सुईनं बारीक खूण करून ठेवतो,
गिऱ्हाईकाला कधी दिसत नाही.
तिथं होतं: सु. ७१.
सुपडू मिस्तरी. माझे गुरू.
आणि बॅलन्सवरचा वेग बांधायचा काटा
मंदच्या टोकाला, पार शेवटपर्यंत रेटलेला.

हा बिघाड नव्हता.
मी तेव्हा दुकानात झाडू मारायचो. मला आठवतं,
मिसेस लोबो छत्री मिटत आत आल्या होत्या,
रेल्वे कॉलनीतून चालत, भर दुपारी.
मिस्तरी, इसको थोडा स्लो करो.
मिस्तरी म्हणाले, बाई, घडीनं गाडी चालत नाही.
त्या म्हणाल्या, मालूम है.
नवऱ्यानं तीस वर्षं मेल चालवली,
वेळेआधी पोचला तरी मेमो मिळायचा.
पोराला हे कोण सांगणार?

मिस्तरींनी पैसे घेतले नाहीत.
त्या गेल्यावर बराच वेळ रस्त्याकडे बघत होते,
मग मलाच म्हणाले,
वेय कुठी पयते रे पोऱ्या, पयतो तो मानूस.

डेस्मंडला कळलंच असणार.
रोज सकाळी शेडच्या भोंग्यावर तो घडी लावायचा,
दुसऱ्या सकाळी ती चार मिनिटं मागे.
मेकॅनिकचा हात होता त्याचा,
झाकण उघडून काटा सरळ करायला
त्याला अर्धं मिनिटही लागलं नसतं.
रेस सुटली ती वेगळ्या कारणानं, पैसा नव्हता.
मग जामनेर रोडला मोटार ड्रायव्हिंग स्कूल,
एक फियाट, पुढे-मागे लाल अक्षर,
आणि अर्ध्या गावाला तो एकच धडा:
क्लच हळू सोड. हळू. अजून हळू.
मीही त्याच्याकडेच शिकलो.
वीस किलोमीटरच्या वर काटा गेला
की तो खिडकीबाहेर बघायला लागायचा.

मी साफ केलं. तेल दिलं, जाड, इथल्या उन्हाचं.
दोन दिवस खुंटीवर चालवून पाहिलं.
सुपडूंच्या खुणेखाली माझी खूण केली.
चिमटा एकदा काट्याजवळ नेला होता,
ते कबूल करतो.
पावतीवर लिहिलं: सर्व मूळ स्थितीत.
हा शब्द संग्राहकांना फार आवडला.

त्यांची गाडी एक नंबरवर लागायची होती.
मोजे काढून त्यांनी घडी खिशात सोडली,
साखळी बंडीला अडकवली,
मग राहवेना म्हणून लगेच परत काढून पाहिली.
वा, म्हणाले, आहे की वेळ अजून.

मी पोऱ्याला दोन चहा सांगितले.