तिसरी खूण

सीटच्या दांड्यावर दोन ओरखडे:
वरचा लासिनाचा, खालचा जेनेबाचा.
पहाटे ती सीट खाली घ्यायची, आंबे बांधायची;
रात्री तो वर. न बोलता. पाना एकच.

तो आबिजानला गेला, त्याला दोन हंगाम झाले.
वरच्या ओरखड्यावर गंज.

"गुडघे दुखतात," ती म्हणाली,
बोबोच्या बाजारात, सालिफच्या ठेल्यापाशी.
त्याने सायकल धरली. "बस. टाच पॅडलवर.
पॅडल पार तळाला ने. पाय सरळ होतो?"
नाही झाला.
"भीतीपोटी खाली बसतेस तू."

नट सैल. दांड्याला बोटभर ग्रीस.
दोन बोटं वर. आणखी एक.
"ही कोरलेली रेघ नळीबाहेर दिसली, की थांबायचं.
तिच्यापुढे दांडा मोडतो, मग माणूस."
आवळून झाल्यावर त्याने सीट पिळून पाहिली,
अडेल बोकडाची शिंगं धरावीत तशी.
हलली नाही.

आता थांबताना तिचे चवडेच टेकतात.
चढावर गुडघे गप्प.

घरी तिने खिळ्याने नवी खूण केली.
पाना दाराशी ठेवला,
त्याच्या हाताला लागेल असा, नेहमीसारखा.
मग उचलला,
आणि आंब्यांच्या टोपलीत टाकला.