शुद्धिपत्र

तीनशे प्रती आल्या धुळ्याहून साक्रीला,
एसटीच्या शेवटच्या सीटखाली,
सुतळीने आवळलेले सहा गठ्ठे.
भटूने पहिली गाठ दातांनी सोडली.
शाईचा वास अजून ओला होता.

मुखपृष्ठावर गावामागची काळी भिंत.
कधीकाळी जमीन फाटली, खालून रस वर आला,
फटीतच गोठला.
भोवतालची माती मग हळूहळू निघून गेली,
तो राहिला.
गाव तिला पाळ म्हणतं.
आम्ही दोघांनी अकरा हिवाळे
ती बोटांनी वाचली.

एकशे बारा पानं. शब्द भटूचे, रेघा माझ्या.
तुटक रेघ म्हणजे वाट,
गोल म्हणजे बोल्ट,
फुली म्हणजे आग्यामोहोळ, आवाज करू नका.
छपाईला भटूची मोटरसायकल लागली.
म्हणजे अक्षरशः मोटरसायकलच.
‘केव्हा चढावे’ या प्रकरणात मे महिन्याला एकच ओळ:
सकाळी आठनंतर दगड कुणाची ओळख ठेवत नाही.

रईसभाई खिळे जुळवायच्या काळापासूनचे प्रेसवाले,
त्यांनी विचारलं होतं, हे वाचणार कोण?
भटू म्हणाला, ज्याला पडायचं नाही तो.

बाविसाव्या वाटेचा आम्हाला फार गर्व होता.
चार हिवाळे घेतले तिने, भटूचं एक नख,
माझा खांदा.
ज्या दिवशी जमली त्या दिवशी खाली ठगूबाई उभी,
शेळ्यांमागे आलेली.
वर बघितलं, तंबाखू थुंकली, म्हणाली,
“हाई? मना नातू तं रोज चढस, बकरीना मांगे.”
नातू आला. अनवाणी. चड्डीला एकच गुंडी.
आमच्या रेघेला त्याने हातही लावला नाही,
बाजूच्या सावलीतून गेला,
जिथे आम्हाला कधी काही दिसलंच नव्हतं.
म्हणून पान चाळीसवर आता असं छापलंय:
पहिली चढाई, लांडी नावाची शेळी.
दुसरी, सुकलाल, वय तेरा.
तिसरे आम्ही.

रात्री भटूच्या पिठाच्या गिरणीत
प्रती मोजताना मीच थांबलो सत्तेचाळीसवर.
‘भेग संपली की उजवीकडे सरकावे.’
उजवीकडे कपाटाएवढी शिळा आहे,
ठोकली तर मडक्यासारखी वाजते.
भटूने रईसभाईंना फोन लावायला घेतला.
मी म्हणालो, ठेव.
चित्र मी माथ्यावर बसून काढलं होतं,
खाली बघत.
माझा उजवा तो चढणाऱ्याचा डावा.

भटू बराच वेळ बोलला नाही.
जात्याचा पट्टा उगाच चाचपत राहिला.
मग दोन पेनं काढली, निळी.
खोडायचं, वर लिहायचं, पुढची प्रत.
त्याच्या बोटांवर कायम पांढरं असतं,
पीठ की खडू, कुणी विचारत नाही.
त्या रात्री प्रत्येक सत्तेचाळीसव्या पानावर
त्याचा अंगठा उमटला.

सुकलाल पोत्यांवर आडवा होऊन बघत होता.
म्हणाला, डावा कोनता?
वर जाताना एक, खाले येताना दुसरा.
तुम्ही नदी का नही लिखतस?
पेन हवेतच थांबलं.
साठ प्रती झाल्या होत्या.
त्या पुन्हा उघडल्या, पुन्हा खोडल्या:
कान नदीकडे सरकावे.
नदी कुणासाठी बाजू बदलत नाही.

पहाटे मोजलं तर दोनशे नव्व्याण्णव.
एक प्रत भटूने काल
गठ्ठे उतरवू दिले म्हणून
कंडक्टरला दिली होती.
त्याचा पोरगा नंदुरबारला कॉलेजात आहे,
डोंगरात जातो म्हणे.

पहिली गाडी साडेपाचची.
स्टँडवर अंधार, चहाची टपरी अजून बंद,
आणि भटू उभा आहे
पेनाचं टोपण काढून.