वारा भरायचं काम

नेम खारीवर होता.
खार वाचली, चर्चच्या उत्तरेकडच्या तीन काचा गेल्या.
गलोल माझी नाही, असंही मी म्हणून पाहिलं.
बापाचा लाकूडगिरणीतला पगार दोन महिने थकलेला,
म्हणून पाद्रीबुवांनी बोटांवर हिशेब केला:
काचेमागं चार रविवार, तीन काचांचे बारा,
आणि वरचा एक, खोटं बोललास त्याचा.

असा मी ऑर्गनच्या पाठीमागं गेलो.

पुढून तो देखणा, सोनेरी वेलबुट्टी, चकचकीत नळ्या.
मागं अंधार, उंदरांच्या लेंड्या,
मेंढीच्या कातड्याचा, ठिगळांचा म्हातारा भाता
आणि माझ्याहून लांब एक दांडा.
दोरीला शिशाचं वजन लोंबायचं.
ते खडूच्या रेघेवर चढलं की समजायचं, हवा संपत आली.
चढू द्यायचं नाही, एवढंच काम.
"तू वाजवत नाहीस हं, देनेश," पिरोश्का नेनी म्हणाल्या
(आमच्याकडं गावातली प्रत्येक मोठी बाई नेनीच),
"तू नुसता वारा भरतोस."

पहिल्या रविवारी फक्त खांदे आठवतात.
नंतर कधीतरी हातांना कळायला लागलं,
जाड नळ्या खादाड असतात,
बारीक नळ्या चिमणीएवढं खातात.
स्तोत्राचं शेवटचं कडवं आलं
की दांडा आपसूक जड व्हायचा,
कानांच्या आधी दंडांना समजायचं.
संगीत म्हणजे माझ्यासाठी
काखेत साचणारा घाम होता,
बाहेर बर्फ गुडघाभर असतानासुद्धा.

मग फेब्रुवारीतली एक बुधवारची दुपार.
दुसऱ्या दिवशी कुणाची तरी माती होती,
नेनी एकट्याच सराव करत होत्या.
स्तोत्रं संपली, आणि त्यांनी काहीतरी वेगळंच धरलं.
एक सूर एकटा निघाला.
थोड्या वेळानं दुसरा, त्याच्याच पाऊलखुणांत पाय ठेवत,
बर्फात मागून येणारा ठेवतो तसा,
जरा उशिरा, जरा तिरपा.
मग तिसरा.
आता हा कुठं पाय ठेवणार, जागा कुठं उरलीय,
म्हणून मी मान वर करून बघतच राहिलो,
जसं काही वर दिसणारच होतं.

आधी जाड सूर ओघळले.
मग सगळा बाजा आमच्या म्हशीसारखा
हुंकार देत खाली बसला.

शांतता. लाकडी जिन्यावर पावलं. टॉर्च.
"झोपलास?"
"नाही."
"मग?"
"ऐकत होतो."
टॉर्च तशीच माझ्या तोंडावर.
या माणसाचा खोटेपणा गावभर ठाऊक होता.
"कुठवर ऐकलंस?"

मी गुणगुणून दाखवायला गेलो.
त्या वर्षी माझा आवाज फुटत होता,
काचांसारखाच, न सांगता.
एक सूर वर निसटला, एक खाली पडला.
मी मेल्याहून मेलो.
नेनींनी डोकं कलतं केलं.
"दोन्ही बरोबर आहेत," म्हणाल्या,
"चल, हवा भर. तिथूनच."

तेरा रविवार संपले.
चौदाव्याला मी गेलो, पाद्रीबुवांनी बोटं मोजली नाहीत.
चार वर्षांनी हॉलंडच्या कुठल्याशा मंडळीनं
विजेचा पंखा धाडला, बटण दाबलं की वाराच वारा.
भाता कापून कुणी त्याचे बुटांचे तळवे केले म्हणतात.
नेनींनी एक उन्हाळा मला वाजवायला शिकवून पाहिलं.
माझी बोटं म्हणजे गिरणीतल्या फळ्या.
आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता मी शहरात बस चालवतो, सव्वीस नंबर.
थांबा आला की दारं हवेवर उघडतात,
आधी जाड, मग बारीक होत जाणारा एक सुस्कारा.
बंद होताना तोच, उलटा.
रिकाम्या फेरीत दोन्ही दारं मी मुद्दाम मागंपुढं सोडतो,
दुसरं जरा उशिरा.
कधी बटणावर बोट तसंच राहतं,
आणि मागून कुणीतरी खेकसतं,
"ओ, झोपलात का?"