हत्तीखाना, गवत व इतर

इंदूरच्या हुजूर खजिन्यात मी पगारपत्रकं लिहायचो.
चेंडू टाकणाऱ्या माणसासाठी
आमच्याकडे सदरच नव्हतं.
वाजंत्री होती, शिकारखाना होता,
अत्तरालासुद्धा स्वतंत्र रकाना.
सुभानजी वाघमोड्याचे बावीस रुपये
मी घातले "हत्तीखाना, गवत व इतर"मध्ये.

पहिल्या दिवशी तो म्हणाला,
"बाकीचे हौसेनं खेळतात, मला पैसे देताय.
माझं काही चुकलंय का?"
क्लबातले लोक त्याला चहा वेगळ्या तंबूत देत,
आणि गडी पडेना झाले
की हाक त्यालाच मारत.

डावखुरा. गोफणीचा हात.
पहाटे हत्तीखान्याच्या भिंतीवर
खडूने तीन रेघा ओढायचा
आणि भिंत दमेपर्यंत टाकत राहायचा.
भागीरथी नावाची म्हातारी हत्तीण
चेंडू सोंडेने परत लोटायची,
ओला, कडब्याच्या वासाचा.

एकदा मुंबईकरांचे आठ गडी
त्याने जेवणानंतरच्या दोन तासांत काढले.
रात्री सराफ्यात पोरं संत्री फिरवत होती, त्याच्यासारखी.
त्या महिन्यातही बावीस रुपये.
वर एक शेला.
शेल्याची नोंद पोशाखखात्यात.

मी सामना कधी पाहिला नाही,
कचेरीला सुट्टी नसे.
पण दर एक तारखेला तो डावा अंगठा उमटवायचा:
पहिल्या वर्षी शंखासारख्या स्पष्ट रेघा,
सहाव्या वर्षी मधोमध एक पांढरं बेट,
अकराव्या वर्षी नुसता निळा डाग.

मग खांदा गेला.
मग संस्थानच गेलं.

ग्वाल्हेरहून नवे साहेब आले, चष्मा पुसत म्हणाले,
"अंगठा जुळत नाही.
बरं, हत्ती किती सांभाळलेस?"
मी दौतीकडे पाहत राहिलो.
सुभानजी म्हणाला, "एक.
पावसाळ्यात तिचा मागचा डावा पाय चिघळायचा.
आधी गूळ, मग भाकरी.
सरळ आलेला उचलायची नाही ती,
वळलेलाच हवा असायचा."
शेवटचं साहेबांनी ऐकलं नाही.
माहुताचं पेन्शन मंजूर. दरमहा नऊ रुपये.

जिन्यात त्याने विचारलं,
"म्हणजे कागदावर मी खेळलोच नाही?"
शाईची डबी माझ्या हातातच होती.
ती त्याने घेतली,
नकळत दोन बोटं कडेवर ठेवली,
मनगट जरासं फिरवलं,
आणि झाकण नीट लावून
परत दिली.