झाकणभर

यावलच्या माझ्या दवाखान्यात
द्वारकाबाई फालक तोंड उघडून बसल्यात.
समोरच्या दातांच्या कडा
काचेसारख्या, जवळजवळ आरपार.

आंबट काही खाता?
"नाही बा."
मग चूळ भरून, जरा ओशाळून,
"सफरचंदाचं व्हिनेगर. उपाशीपोटी.
सून म्हणे झाकणभर,
मी आपलं फुलपात्रभर."
पाण्यातून?
"पाणी घातल्यावर गुण कसा येईल?"

वजन दीड किलो उतरलंय.
उतरणारच.
परवा शेतात भरीत पार्टी झाली,
बाई हिरवी मिरची हातात धरून
नुसत्या बसून राहिल्या.
माठाचं पाणी प्यायल्या तर
कळ थेट कानात.

मी चिठ्ठीवर लिहितो : बंद.
त्या घडी घालतात, उंबऱ्याशी थांबतात.
"अर्धी बाटली उरलीय, डॉक्टर.
मिरच्या मुरतील का हो त्यात?"