पावाच्या दुकानाचं दार

नारीनच्या खोऱ्यात, पावाच्या दुकानाच्या दारावर
बुरुलने डकवला गावकारभाराचा जमाखर्च.
आजवर तो कपाटात असायचा,
किल्ली अध्यक्षांच्या कोटात,
आणि कोट कायम बिश्केकला.

लोक पाव घेता घेता वाचू लागले.
पुलाला रंग : दोन वेळा.
मेंढपाळ तोल्कुनबेक म्हणाला,
"पोरी, पूल तर परवाच्या पुरात गेला.
रंग काय पाण्याला दिला?"
कोणी हसलं नाही.
त्या दिवशी अध्यक्षांनी पाव गड्याकरवी मागवला.

दुसरा कागद तिने रात्री लिहायला घेतला :
पाणीपट्टीची थकबाकी.
पहिल्याच नावाला पेन अडलं.
शाई संपली नव्हती.
नाव बापाचं होतं.

सकाळी म्हातारा आला, डोक्यावर नमद्याची टोपी,
बोट ठेवून वाचलं,
तिच्याकडे बघितलं नाही.
घोडीच्या दुधाच्या चुरगळलेल्या नोटा
थुंकी लावून मोजल्या,
पावती मागितली,
घडी करून टोपीत सारली.

आणि जाता जाता
पहिल्या कागदापाशी थांबला,
चष्मा पुसला.
"आता दाखव," म्हणाला,
"यातले माझे
कुठल्या ओळीत दिसणार?"